पूजेतली पटाशी

खंडेनवमीला पाटावर मांडलेलं हत्यार मी उचललं आणि घराला दोष लावला, असं आमची आत्या मरेपर्यंत सांगत होती. सांगताना ती माझ्याकडे बघायची नाही, माझ्या शेजारच्या भिंतीकडे बघायची. मी ऐकून घ्यायचे, कारण ती मोठी होती आणि सणावारी घरात तोंड वाजवायचा मला कंटाळा आला होता. आता आत्या नाही, अप्पाही नाहीत. मला गप्प बस म्हणणारं कुणी उरलेलं नाही, तेव्हा माझी बाजू एकदा लिहून ठेवते. वाचून कुणाला वाटलं की बाई फार तापट दिसते, तर वाटू दे. होतेच मी तापट, आणि केस पांढरे झाले म्हणून काही फार थंड झालेली नाही.

माझे वडील, अप्पा, सुतार. मूळचे वळसंगचे, लग्नानंतर सोलापुरात आले आणि मागवाल्यांच्या गल्लीत घर घेतलं. पुढे पत्र्याखाली कारखाना, मागे दोन खोल्या, अशी आमची सगळी इस्टेट. शेजारी अंबक्कांचे सहा माग होते, टॉवेलांचे. सकाळी ते सुरू झाले की आमच्या मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि दुपारी जेवायला माग बंद पडले की कानात एकदम पोकळी व्हायची. अप्पा घड्याळ बघायचे नाहीत. माग थांबले की रंधा खाली ठेवायचे, भुशातच फतकल मारून बसायचे आणि आई कडक भाकरी, दही आणि शेंगाची चटणी पुढे आणायची. आमच्या घरात प्रत्येक घासात थोडा सागाचा भुसा असायचा. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच भाकरीला तसा वास येतो.

आई पॉलिश करायची. अप्पांनी जोडलेली प्रत्येक वस्तू, खुर्ची असो की देव्हारा, आईच्या हाताखालून गेल्याशिवाय बाहेर पडायची नाही. स्पिरिटमध्ये चपडा लाख भिजवायची, जुन्या धोतराच्या चिंधीत कापसाचा बोळा गुंडाळायची आणि तासन् तास गोल गोल हात फिरवत राहायची. तिची बोटं कायमची तपकिरी होती. हळदीकुंकवाला जाताना ती लिंबू घासघासून हात धुवायची आणि तरी पदराखाली झाकून बसायची. गिऱ्हाईक आलं की लाकडावरून हात फिरवून म्हणायचं, "वा अप्पा, तुमच्या हातची चमक काही वेगळीच." अप्पा हसायचे. आई आतून चहा आणून द्यायची. हे मी वर्षानुवर्षं बघितलं आणि मला त्यात काहीही खटकलं नाही, हे आधीच कबूल करून टाकते.

मशीन आलं ते सागरचं. सागर म्हणजे आत्याचा मुलगा, होटगीचा. आत्याचे यजमान रेल्वेत होते, घर क्वार्टरचं, लहान. डिप्लोमाच्या प्रोजेक्टसाठी सागरनं सुटे भाग मागवून एक छोटं सीएनसी मशीन जोडलं होतं. दोन फूट लांब, दोन फूट रुंद अ‍ॅल्युमिनियमची चौकट, वर आडव्या दांडीला टांगलेली मोटर आणि तिच्या तोंडात पेन्सिलीच्या टोकाएवढा फिरणारा पोलादी दात. कॉम्प्युटरवर आकृती काढायची, की तो दात ती लाकडात कोरत जायचा. सागर पास झाला आणि मशीन आमच्या कारखान्यात येऊन पडलं. "चार दिवस ठिवून घ्या की, दादा," आत्या अप्पांना म्हणाली. चार दिवसांचं वर्ष झालं. मी तेव्हा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होते. एकदा सागर आला असताना मी विचारलं, "चालवून बघू का रे?" तो मोबाईलमधून मान वर न करता म्हणाला, "चालव की, अश्वे. मला काय करायचंय आता त्याचं?" हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवतेय. पुढे ते कुणालाच आठवेना झालं, खुद्द सागरलाही.

मी हिंदी व्हिडिओ बघून बघून शिकले. पहिल्या दिवशी गोल काढायला गेले आणि अंडं निघालं. मोटर अशी किंचाळायची, की अंबक्का भिंतीपलीकडून ओरडल्या, "अगो, आमच्या सहा मागापेक्षा तुमचं एक मशीनच जास्त बोंबलतंय की!" अप्पा बघायचे आणि मान फिरवायचे. त्यांच्या लेखी ते सुतारकाम नव्हतं. "लाकडाला हात लावायचा न्हाय आनि म्हनं पेटी केली," एवढंच एकदा म्हणाले.

माझी पहिली पेटी खुळखुळ्यासारखी वाजली, आणि त्याला कारण अप्पाच. अप्पांची मापं इंच आणि सुतात. आठ सूत म्हणजे एक इंच. मी एक सागाची फळी त्यांच्यापुढे धरून विचारलं, "अप्पा, जाडी किती?" त्यांनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत फळी धरली, बघितलंही नाही, म्हणाले, "चार सूत." म्हणजे अर्धा इंच. मी हिशोब केला, पावणेतेरा मिलिमीटरला जरा कमी, आणि त्या मापानं फळ्यांच्या कडांना दात नि खाचा पाडून घेतल्या. जोडायला गेले तर प्रत्येक दात खाचेत ढिला. मग कळलं, की सुतार फळीला वखारीतल्या मापानं ओळखतो. रंधा मारून ती दीड-दोन मिलिमीटरनं पातळ झाली तरी तिचं नाव चार सूतच राहतं. हातानं काम करणाऱ्याला फरक पडत नाही, तो एक फळी दुसरीवर ठेवून रेघ मारतो. मशीनला सांगितलं ते खरं वाटतं. चांगला जुना साग वाया गेला म्हणून अप्पा मला वाट्टेल ते बोलले. "तुमीच सांगितलं की चार सूत!" म्हणून मीही ओरडले. त्या दिवशी दोघंही जेवलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशातून जाडी मोजायचा कॅलिपर आणला.

दुसरी अडचण कोपऱ्यांची. मशीनचा दात गोल फिरतो, त्यामुळे खाचेच्या आतल्या कोपऱ्यात तो कधीच काटकोन करू शकत नाही, थोडी गोलाई राहतेच. समोरच्या फळीचा दात मात्र चौकोनी. तो त्या गोलाईला अडतो आणि जोड पूर्ण बसत नाही. काहीजण मशीनकडूनच कोपऱ्यात जास्तीचं भोक पाडून घेतात, पण ते दिसायला कीड लागल्यासारखं दिसतं. मी अप्पांच्या पिशवीतली सगळ्यात बारीक पटाशी घेतली, आजोबांच्या वेळची, झिजून बोटभर राहिलेली, आणि एकेक कोपरा हातानं ताशीत बसले. पहिल्याच कोपऱ्यात बोट कापलं. अप्पा दुरून बघत होते. जवळ आले, माझं मनगट धरून हलवलं आणि म्हणाले, "सैल सोड. लाकूड पळून जात न्हाय." बास, एवढंच माझं शिक्षण. पण दुसऱ्या दिवसापासून ती पटाशी रोज सकाळी धार लावून माझ्या टेबलावर ठेवलेली असायची. म्हणजे अप्पांना ठाऊक होतं. पेटीतलं किती काम मशीनचं आणि किती माझं, हे त्या घरात कुणाला नक्की ठाऊक असेल तर अप्पांना. माझा सगळा राग त्यामुळेच आहे.

मग मी फणेरपेटी करायला घेतली. आईच्या लग्नातली होती तिच्या ट्रंकेत, झाकणाच्या आत आरसा, खाली फणी आणि कुंकवाचा करंडा ठेवायचे कप्पे. बिजागरी तुटलेली, आरसा काळा पडलेला. तिची मापं घेतली, झाकणावर वेलीचं नक्षीकाम मशीननं कोरलं, बत्तीस कोपरे हातानं ताशले, आणि आईनं आठ दिवस पॉलिश केलं. ती पेटी खिडकीत ठेवली, की सकाळच्या उन्हात मधासारखी दिसायची. एक वकिलीणबाई दिवाणाचं काम सांगायला आल्या होत्या, त्यांची नजर गेली. "अगंबाई! कुणी केली ही?" अप्पा म्हणाले, "हितंच झाली की." हितंच झाली! जशी काही भिंतीतून उगवली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आत्या, जी नेमकी त्याच दिवशी आली होती, शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आमच्या सागरची मशीन हाय ती, बाई. डिप्लोमा झालाय त्येचा." वकिलीणबाईंच्या मुलीचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर होतं. ओटी भरायला येणाऱ्या बायकांना द्यायला त्यांना तसल्याच छोट्या चाळीस फणेरपेट्या हव्या होत्या. त्यांनी सागरचा नंबर घेतला. मी चहाचा ट्रे धरून उभी होते, अगदी आईसारखी.

पंधरा दिवसांनी खंडेनवमी. आमच्याकडे तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा. आदल्या संध्याकाळी सगळी हत्यारं धुऊन, तेल लावून, पाटावर लाल कापड अंथरून मांडायची. करवत, रंधे, वाकस, गुण्या, पटाश्या, झेंडूच्या माळा. हुग्गीचा, म्हणजे गव्हाच्या खिरीचा, वास सगळ्या घरात. जो ज्या हत्यारानं काम करतो त्यानं त्या हत्यारामागे उभं राहायचं. अप्पा आधी हत्याराला हळदकुंकू लावणार, मग त्या माणसाच्या कपाळाला. बायकांनी ताट धरायचं. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्याच्या सकाळपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, ते विश्रांतीला बसलेलं असतं. त्या वर्षी ताट माझ्या हातात होतं. मशीनलाही हार घातलेला होता, तो मीच ओवला होता. मला वाटत होतं, अप्पा माझ्या हातातलं ताट आईकडे देतील. इतकं साधं वाटत होतं मला.

"सागर, ये रं," अप्पा म्हणाले. "हितं हुबा राहा."

सागर मशीनमागे जाऊन उभा राहिला. अप्पांनी माझ्याच ताटातलं कुंकू घेऊन मशीनला लावलं आणि मग सागरच्या कपाळाला. त्यानं खाली वाकून नमस्कारही केला. मी ताट सरळ धरून ठेवलं. कदाचित शेवटपर्यंत धरलंही असतं. पण आत्याला आनंद झाला होता. "दादा, बाईंची चाळीस पेट्यांची आर्डर पक्की झालीय. उद्या दसरा, चांगला दिवस हाय, उद्याच मशीन होटगीला नेतो. सागर तितंच काम सुरू करंल." अप्पा म्हणाले, "बरं." आई म्हणाली, "मग अश्वी कशावर...?" तेव्हा आत्या हसली आणि म्हणाली, "अगं वहिनी, ती काय परकी हाय व्हय? आत्याच्या घरात भाची यायचीच हाय की. मशीन आधी नेतो, पोरगी मागनं नेतो!"

सगळे हसले. अप्पासुद्धा जरा हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ताट आईच्या हातात कोंबलं. मशीनवर आदल्या दिवशीची एक फळी तशीच पडली होती, खाचा पाडलेली, कोपरे राहिलेले. ती घेतली, पाटाशी बसले आणि पूजेतली ती बारीक पटाशी उचलली. हळदकुंकू लागलेली, ओली. आत्या किंचाळली, "अगं ए! ठिव खाली! आज हात लावत्यात व्हय?" मी फळी गुडघ्याखाली दाबून दोन घावांत एक कोपरा चौकोनी केला आणि फळी सागरपुढे धरली. "हा मी केला. त्याच्या शेजारचा तू कर. कर ना! डिप्लोमा झालाय ना तुझा?" सागरनं हात पुढे केला आणि परत मागे घेतला. ती कुठून धरायची हेही त्याला माहीत नव्हतं. मी अप्पांकडे बघितलं. त्यांनी एक शब्द बोलायचा होता. एकच. ते म्हणाले, "अश्वे, पटाशी जागेवर ठिव."

मी ठेवली. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. मशीनला दोरी अप्पांनी स्वतः बांधली, कोपऱ्यांना गोणपाट लावलं, ओरखडे पडू नयेत म्हणून. मी दारात उभी राहून विचारलं, "अप्पा, का?" ते म्हणाले, "बहीण हाय. तिला न्हाय कसं म्हणू?" "आणि मी कोण आहे?" त्यावर ते दोरीची गाठ तपासत राहिले. ती फळी माझ्याकडे अजून आहे, कोपऱ्यात कुंकवाचा डाग अजून दिसतो. वय झालं की आपल्या माणसांची अडचण आपल्याला कळू लागते, असं लिहायची पद्धत आहे. मला नाही कळली. मी आज तेव्हाच्या अप्पांपेक्षा वयानं मोठी आहे, चार मशीनवर माझ्याकडे बायका काम करतात, आणि तरी मला वाटतं, बहिणीला नाही म्हणता येतं. तोंड उघडायचं आणि म्हणायचं.

मी अप्पांशी बोलणं टाकलं. माग थांबले की आपली भाकरी घेऊन अंबक्कांच्या ओट्यावर जाऊन जेवायचे. अंबक्का काही विचारायच्या नाहीत, ताटात चिंचेचं वरण वाढायच्या. अप्पा सकाळी उठून सवयीनं पटाशीला धार लावायचे आणि रिकाम्या टेबलावर ठेवायचे. बघून मला जास्तच संताप यायचा.

दिवाळीला आठ दिवस राहिले असताना टेम्पो परत आला. आत्या आणि सागर. तीन पोत्यांत कापलेल्या फळ्या. जोड बसत नव्हते. सागरनं हातोडीनं ठोकायला जाऊन कित्येक दात मोडले होते. वकिलीणबाईंचे रोज फोन येत होते. आत्या अप्पांना म्हणाली, "दादा, अश्वीला सांग की जरा. कोपरे तेवढे करून दे म्हणावं. घरचंच काम हाय." अप्पा एका देव्हाऱ्याच्या खांबाला रंधा मारत होते. त्यांनी रंधा थांबवला. "तिला इचार," ते म्हणाले. "तिचं काम हाय ते."

माझं काम! बारा दिवस उशिरानं का होईना, निघालं तोंडातून. पण तेवढ्यावर विरघळणारी मी नव्हते. मी म्हणाले, "मशीन आधी आणा. बाईंना फोन करून सांगा, पेट्या कोण करतंय ते. आणि पोरगी मागनं नेतो हे परत या घरात कुणी बोलायचं नाही." आत्याचा चेहरा पडला. "अगं, लग्नाचं काय एवढं... रीतच हाय की आपल्यात." तेवढ्यात सागर, जो आतापर्यंत पोत्याला टेकून उभा होता, हळूच म्हणाला, "आई, मलाबी न्हाय करायचं तिच्यासंगं लगीन. लई भ्या वाटतं तिचं." मला हसू आलं, पण मी हसले नाही. फोन त्यानंच केला, माझ्यासमोर.

मशीन दुसऱ्या दिवशी परत आलं. मोडलेल्या फळ्या बाजूला काढल्या, त्यांच्या जागी नव्या कापल्या. अप्पा पटाशीला धार लावून द्यायचे, मी कोपरे ताशायचे, आई पॉलिश करायची. दिवाळीचा फराळ त्या वर्षी अंबक्कांनीच आणून दिला, कारण आईचे हात रिकामे होत नव्हते. चाळीसच्या चाळीस पेट्या वेळेत गेल्या. वकिलीणबाईंनी लग्नात सगळ्यांपुढे माझं नाव घेतलं. मी खूष झाले, आईला घट्ट धरून नाचले, आणि आईचं नाव कुणी घेतलं नाही हे माझ्याही लक्षात आलं नाही.

पुढच्या खंडेनवमीला आत्या आली, सागर आला. पाट मांडला, हुग्गी शिजली, ताट रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आलं. अप्पा मशीनजवळ थांबले, सगळ्यांकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "हिच्यावर कोण काम करतं?" मी ताट सागरच्या हातात दिलं. त्याला ते सरळ धरता येईना, निरांजन कलंडायला लागलं. मी मशीनमागे जाऊन उभी राहिले. अप्पांनी मशीनला कुंकू लावलं, मग मला. मला वाटलं होतं की आता सगळं फिटलं असं वाटेल. तसं काही वाटलं नाही, आदल्या वर्षीचा टिळा कुठे परत मिळणार होता? पण मी मान ताठ ठेवली.

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. हुग्गीचे हात पदराला पुसले, खिडकीतल्या डब्यातून आपली पॉलिशची चिंधी काढली, वाळून कडक झालेली, काळपट, आणि कुणाला काही न विचारता पाटावर पटाशीशेजारी ठेवली. मग तिच्यामागे उभी राहिली. अप्पांनी चिंधीची कडक घडी अंगठ्यानं दाबून बघितली. मग सागरच्या ताटातलं कुंकू बोटावर घेतलं, चिंधीला लावलं, आणि आईच्या कपाळाकडे हात नेता नेता मध्येच थांबून विचारलं,

"किती वर्सं झाली गं तुला ह्ये करायला?"

"सव्वीस," आई म्हणाली.

तिनं ती मोजली असतील, हे आमच्या घरात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझ्यासुद्धा.